चार हजारांच्या पुढे

वहीत मी रकाने आखले होते:
कंपनी, किंमत, वजन, कानावरची गादी,
वायरवाला की बिनवायरचा, बॅटरी किती तास.
तीन रात्री बसून भरले, घरात सोयरीक ठरायची असल्यासारखे.
आणि जेलरोडच्या त्या दुकानात शिरताच बाबांनी
आधी पंखा कुठे आहे ते पाहिलं
आणि त्याच्याखाली जाऊन बसले.

काउंटरवर हर्षुल नावाचा मुलगा.
"दीदी, ये वाला देखो आप," म्हणत खोकी उघडू लागला.
प्रत्येक खोक्यावर तेच: वीस ते वीस हजार हर्ट्झ.
माझ्या पर्समध्ये दुसरा कागद होता,
कानाच्या डॉक्टरांनी काढलेला.
त्यात एक रेघ सरळ चालत येते, येते,
आणि चार हजारांपाशी विहिरीत पडते.

मी 'साखर' म्हणते, बाबा 'आखर' ऐकतात.
सुशी येऊन गेली सांगितलं
तर म्हणाले, कुठली उशी?
सत्तावीस वर्षं साचेखात्यात काढली त्यांनी,
कानांत बोळे घालून. कापूस तेवढा फुकट होता तिथे.
वीस हजारांपर्यंतचे पैसे आम्ही कशाला भरायचे?
चार हजारांच्या पुढे गेलं
की बाबांची मिल लागते.

पहिल्याचा ठेका इतका जड
की बाबांनी शर्टाचा खिसा चाचपला,
त्यांना वाटलं फोन थरथरतोय.
दुसरा स्वच्छ, पण मास्तरांनी
दोन्ही कान धरावेत तसा पकडणारा.
तिसरा हर्षुलने दोन हातांनी दिला. अठरा हजार.
बाहेरचा सगळा आवाज बंद करतो म्हणे.
"बंद करायचे अठरा हजार?" बाबा म्हणाले,
"मिलने तर बंद करून वर फंड दिला होता."

तरी घातला. हर्षुलने बटण दाबलं.
बाबांसाठी जेलरोड गेला असणार,
हॉर्न, पंखा, शेजारी मोबाइल उघडणाऱ्याचं यंत्र, मी.
ते बराच वेळ समोर बघत राहिले.
मग उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी
हळूच एकमेकांवर घासू लागली,
तुटलेला धागा सांधावा तशी.
आणि सगळं दुकान वळून बघेल एवढ्या मोठ्याने ते म्हणाले,
"बत्तीस नंबर चालू आहे!"

"अंकल को गाना जम गया," हर्षुल हसला.
गाणं त्याने अजून लावलंच नव्हतं.

मिल बंद झाली तेव्हा मी नववीत होते.
साचे किलोवर विकले गेले, भोंगासुद्धा.
ही एवढी एक पाळी
कुणी उठवायची विसरलं.
मी वहीकडे पाहिलं. त्यात
आतल्या आवाजाचा रकाना नव्हता.

मग सगळ्यात खालच्या फळीवरचा काढायला लावला,
साडेसहाशेचा, पातळ स्पंजाचा, पापडासारखा हलका.
हर्षुलचा चेहरा पडला.
"इसमें तो बाहर का सब आता है, अंकल."
"येऊ दे," बाबा म्हणाले.
त्यांना गाणं नको होतं, कुणी बोलणारं हवं होतं,
म्हणून मी फोनवर एक जुनी मॅच लावली, हिंदी कॉमेंटरीची,
कोण हरलं ते तीस वर्षांपासून माहीत असलेली.
स्पंजातून पंखा येत होता, हॉर्न येत होते,
आणि मधोमध एक माणूस ओरडत होता, चौका!
बाबांची बोटं गुडघ्यावर स्वस्थ होती.

बिलावर त्याने 'सितोले जी' लिहिलं.
शितोळे म्हणून सांगितलं होतं मी,
पण ते 'श' आणि 'ळ' घेऊन
कुठे कुठे भांडत बसायचं.
सहा महिन्यांची वॉरंटी.
रिक्षात बाबा तो घालूनच बसले,
वायरचं टोक नुसतं खिशात, कशालाच न जोडलेलं.
परदेशीपुरा येईपर्यंत काढला नाही.

संध्याकाळी चहा दिला.
एक घोट घेऊन, कॉमेंटरी थांबवून,
माझ्याकडे न बघता म्हणाले,
"आखर कमी आहे."